डब्यातले शिसे गेले, दारावरचे राहिले
जुना रंग खरवडणाऱ्या कामगारांसाठी महाराष्ट्राच्या कामगार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
यांस,

दसरा-दिवाळी जवळ आली की राज्यभरातल्या नाक्यांवर रंगाऱ्यांना मागणी येते. घर असो, शाळा असो की सरकारी कचेरी, नवा रंग चढवण्याआधी जुना उतरवावा लागतो, आणि उतरवण्याचे हे काम रंगकामातले सर्वांत कमी मानाचे. लोखंडी पट्टीने पोपडे खरवडायचे, पॉलिश पेपरने पृष्ठभाग गुळगुळीत होईपर्यंत घासायचा, लांबी भरायची, ती वाळली की पुन्हा घासायचे. हातात कसब असलेला रंगारी ब्रश उचलतो तो यानंतर. त्याआधीची घासाई बहुधा शिकाऊ पोराकडे किंवा बिगाऱ्याकडे जाते, आणि खाली पडलेला भुगा झाडायला त्यांच्याबरोबरची बाई येते. या तिघांच्या श्वासात आणि अंगावर जी धूळ जाते, तिच्यात जुन्या इमारतींत शिसे असण्याची दाट शक्यता आहे. त्यांना ते कोणी सांगत नाही, आणि सांगायला लावेल असा नियमही आपल्याकडे नाही. जुना तैलरंग खरवडणे, घासणे, जाळणे आणि त्याचा भुगा झाडणे हे शिशाचे काम आहे असे राज्याने गृहीत धरावे, आणि ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी काम काढणाऱ्यावर टाकावी, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र आहे.

रंगातल्या शिशाबद्दल आपल्या देशाने काहीच केले नाही, असे नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये घरगुती आणि शोभेच्या रंगांतील शिशाच्या प्रमाणाचे नियम अधिसूचित केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अशा रंगांत ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, अधिक शिसे असणे बेकायदा ठरले. हा नियम चांगला आहे. जगातल्या कडक मर्यादांमध्ये त्याची गणना होते. पण तो डब्याला लागू आहे. कारखान्यातून निघणाऱ्या नव्या रंगाला तो अडवतो. ३०, ५० किंवा ८० वर्षांपूर्वी दारा-खिडक्यांवर चढलेल्या थरांना तो हात लावू शकत नाही. शिवाय यंत्रांवर, पुलांवर, टाक्यांवर लावायचे औद्योगिक रंग त्याच्या कक्षेत येत नाहीत. पेट्रोलमधले शिसे आपण २००० साली बंद केले, तेव्हा धुराड्यातून येणारे शिसे त्याच दिवशी थांबले. रंगाचे तसे होत नाही. रंग भिंतीला धरून बसतो, पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढत जातात, आणि सर्वांत जुना, सर्वांत शिसेदार थर सर्वांत आत राहतो. तो बाहेर येतो तो फक्त कोणी तरी खरवडतो तेव्हा. म्हणजे बंदीनंतर उरलेला धोका सगळ्यांत आधी ज्याच्या अंगावर येतो, तो माणूस घासाई करणारा आहे.

जुन्या रंगात शिसे का असे, हे समजून घ्यायला फार लांब जावे लागत नाही; आपल्या भाषेतच त्याच्या खुणा आहेत. सफेता म्हणजे शिशाचा पांढरा रंग, आणि शेंदूर म्हणजे मुळात शिशाचा लाल ऑक्साइड. तेलात घोटलेला सफेता लाकडावर घट्ट बसे, पावसाला टिके, पिवळसर पडला तरी निघत नसे. लोखंडाला गंज लागू नये म्हणून शेंदरी रंगाचा पहिला हात दिला जाई. आज बाजारात मिळणारे रेड ऑक्साइड हे लोखंडाचे ऑक्साइड आहे. ते दिसायला जवळचे असले तरी पदार्थ वेगळा, आणि जुन्या जाळीवरचा लाल थर या दोहोंपैकी कोणता हे डोळ्यांना कळत नाही. झगझगीत पिवळा आणि नारिंगी रंग लेड क्रोमेटपासून बनत. रंग लवकर वाळावा म्हणून तैलरंगात शिशाची संयुगेही घातली जात. याचा अर्थ प्रत्येक भिंत विषारी आहे असा नाही. आपल्याकडच्या जुन्या भिंती बहुतांशी चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या, आणि चुन्यात शिसे नसते. धोका आहे तो दारे, चौकटी, खिडक्या, गज, जिन्याचे कठडे, सज्जाच्या जाळ्या, शाळेचे बाक आणि भिंतीचा खालचा तैलरंगाचा पट्टा यांत. ही मर्यादा मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे खर्चाचा प्रश्न येईल तेव्हा तिचा उपयोग होणार आहे.

किती शिसे पुरेसे घातक, याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. अमेरिकेत एक चौरस सेंटिमीटर रंगात एक मिलिग्रॅम शिसे आढळले की तो रंग शिसेयुक्त ठरतो. जुन्या रंगांत याहून कितीतरी अधिक सापडते. आपण हे किमान माप धरू. एक चौरस फूट म्हणजे ९२९ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक फूट लांब-रुंद तुकड्यात ९२९ मिलिग्रॅम शिसे झाले. तेवढा एकच तुकडा कोरडा घासला आणि त्याची धूळ दहा बाय दहाच्या खोलीत सारखी पसरली, तर जमिनीच्या प्रत्येक चौरस फुटावर सुमारे ९,३०० मायक्रोग्रॅम शिसे बसेल. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने शिशाचे काम झाल्यावर घर पुन्हा राहण्याजोगे मानण्यासाठी जमिनीवरच्या धुळीची मर्यादा २०२१ मध्ये चौरस फुटाला ४० वरून १० मायक्रोग्रॅमवर आणली होती. दहा कुठे आणि नऊ हजार कुठे. दहा बाय दहा हे माप चाळीतल्या माणसाला निराळे समजावून सांगायला नको. त्या खोलीत दोन दारे आणि एक खिडकी असते, आणि घासाई एका चौरस फुटावर थांबत नाही. धुळीतले सगळे शिसे कोणाच्या शरीरात जात नाही हे खरे, पण शरीराला लागते ते प्रमाणही अतिसूक्ष्म आहे. एक डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले तर त्याचा उगम शोधून तो थांबवावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त धरले, तर त्या पातळीला सगळ्या रक्तात मिळून पाव मिलिग्रॅम शिसे असते.

हे शिसे शरीरात गेल्यावर काय करते, ते वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. कॅल्शियमची जागा घेत ते हाडांत साठते. रक्तातले निम्मे शिसे महिन्याभरात कमी होते, पण हाडांतले दशकानुदशके राहते, आणि म्हातारपणी किंवा गरोदरपणात हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात उतरते. त्याने रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात, पंडुरोग होतो, पुरुषांची प्रजननक्षमता घटते, गर्भपाताचा धोका वाढतो. प्रमाण जास्त झाले की पोटात पिळवटून कळा येतात, बद्धकोष्ठ होतो, मनगट लुळे पडून हात वर उचलत नाही. इंग्रजी वैद्यकात या पोटशुळाला रंगाऱ्यांच्याच नावाने ओळखत, यावरून हा आजार कोणाचा होता ते कळते. पण कमी प्रमाणात खूण अशी नसतेच. डोके दुखते, थकवा येतो, झोप लागत नाही, चिडचिड होते. दिवसभर उन्हात परांचीवर राबणाऱ्या माणसाला यात वेगळे काय वाटणार? तो गोळी घेतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. डॉक्टरही धंदा विचारत नाहीत, आणि विचारला तरी रंगारी आणि शिसे यांची सांगड आपल्याकडे सहसा घातली जात नाही. रक्ततपासणी हा एकच खात्रीचा मार्ग आहे, आणि ती कोणी करत नाही. शिवाय कामगार हे शिसे घरी नेतो: केसांत, कपड्यांत, बुटांत, डब्याच्या पिशवीत. पोर बापाच्या मांडीवर बसते, आणि पोराच्या आतड्यांतून शिसे प्रौढांच्या मानाने कितीतरी जास्त शोषले जाते. युनिसेफने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातल्या सुमारे २७ कोटी ५० लाख मुलांच्या रक्तात पाच मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असल्याचा अंदाज आहे. यात जुन्या बॅटऱ्या वितळवण्यापासून भांड्यांपर्यंत अनेक कारणे आहेत, सगळा दोष रंगाला देणे चूक होईल. पण रंगाचा वाटा कमी करण्याची किल्ली जुन्या रंगाला हात घालणाऱ्यांच्या कामाच्या पद्धतीत आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांची जी यादी होती, तिच्यात पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे होते. त्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेच्या यादीतही ते आहे. म्हणजे कायद्याला हा रोग ठाऊक आहे. परंतु त्याची सगळी यंत्रणा कारखान्याच्या फाटकाशी उभी आहे. बॅटरीच्या कारखान्यात निरीक्षक जाऊ शकतो. गिरगावातल्या एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर चार जणांची टोळी दार घासत आहे, तिथे जाण्याची त्याची वाट नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली जो कायदा झाला, त्यात दुरुस्ती, देखभाल आणि पाडकाम यांचा समावेश होता, पण तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. रंगाऱ्यांची टोळी दहाची क्वचितच असते. आणि जिथे कायदा पोहोचत होता तिथली मर्यादाही सैल होती. कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत हवेतील शिशाची मर्यादा घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० मायक्रोग्रॅम होती. अमेरिकेची राष्ट्रीय मर्यादा ५० आहे, आणि तीही जुनी व अपुरी ठरवून कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून १० केली. आठ तास अंगमेहनत करणारा माणूस ढोबळमानाने दहा घनमीटर हवा आत घेतो. आपल्या त्या मर्यादेत राहूनही तो दिवसाला दीड मिलिग्रॅम शिसे हुंगू शके, आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने सारे आलबेल असे.

हे काही आज सुचलेले शहाणपण नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ मध्येच रंगकामातल्या सफेत्याविषयी करार केला. इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेता वापरू नये हे त्यात होतेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोरडे घासणे आणि खरवडणे यांतून उठणाऱ्या धुळीचा धोका टाळावा, रंगाऱ्यांना कामाच्या वेळी आणि काम संपल्यावर हातपाय धुण्याची सोय द्यावी, कामावर त्यांनी वेगळे कपडे घालावेत, आणि विषबाधेची प्रकरणे कळवावीत, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. त्याच दशकात मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहत होत्या. त्यांतल्या बहुतेक चाळींचा आता पुनर्विकास चालू आहे. शंभर वर्षांच्या इमारती आपण पाडून नव्या बांधतो आहोत, आणि त्या बांधल्या जात असताना जगाला माहीत झालेला साधा नियम, कोरडे घासू नका, हा पाडणाऱ्यांसाठी अजून लिहिलेला नाही. रंगापासून मुलांना होणारी विषबाधा तर याहूनही आधी लक्षात आली होती. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी १९०४ मध्ये व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांकडे बोट दाखवले होते.

अमेरिकेने घरांसाठीचा शिसेयुक्त रंग १९७८ साली बंद केला, आणि काही वर्षांतच त्यांना उमगले की बंदी हे अर्धे काम आहे. १९९२ साली तिथल्या संसदेने जुन्या घरांतल्या रंगासाठी कायदा केला आणि १९९३ पासून बांधकामावरच्या कामगारांसाठी शिशाचे स्वतंत्र मानक लागू झाले. त्या मानकातली एक कल्पना मला सर्वांत मोलाची वाटते, आणि तीच मी आपल्यापुढे ठेवू इच्छितो. हवेचे मोजमाप होऊन निष्कर्ष हाती येईपर्यंत, शिसेयुक्त रंग हाताने खरवडणारा किंवा घासणारा कामगार मर्यादेपेक्षा जास्त शिसे हुंगतो आहे असेच मालकाने समजायचे आणि त्याप्रमाणे संरक्षण द्यायचे. धूळ ओढून न घेणारे यंत्र वापरले तर धोका आणखी वरच्या पायरीचा, आणि ज्योतीने जाळणे, वाळूचा मारा करणे, गॅसने कापणे यांचा सर्वांत वरचा. ‘आधी आजारी पडा, मग पुरावा आणा’ हा क्रम तिथे उलटा केला. सिद्ध करण्याचे ओझे कामगारावरून उचलून ज्याच्या हाती पैसा आणि नियोजन आहे त्याच्यावर ठेवले. आपल्याकडे नियम करायचा तर तो याच पायावर उभा राहिला पाहिजे, कारण मोजमापाची वाट पाहत बसलो तर नाक्यावरच्या माणसाचे मोजमाप कधीच होणार नाही.

या गृहीतावर उभा राहणारा नियम फार किचकट असण्याची गरज नाही. सन २००० पूर्वीच्या इमारतीतला तैलरंग तपासून तसा नसल्याचे दिसेपर्यंत शिसेयुक्त मानावा. हे वर्ष मी सोयीसाठी सुचवतो. २०१७ पूर्वीचे कोणतेही वर्ष निवडले तरी तत्त्व तेच. असा रंग कोरडा खरवडायचा नाही: फवाऱ्याने पाणी मारून ओला करायचा, पोपडे ओलेच काढायचे, ओल्या पॉलिश पेपरने घासायचे. ब्लो लॅम्पने किंवा टॉर्चने जाळून रंग सोलायला पूर्ण बंदी, कारण ज्योतीच्या उष्णतेने शिशाची वाफ होते आणि ती धुळीपेक्षा खोल फुप्फुसात जाते. अमेरिकेत हीट गनलासुद्धा सुमारे ५९३ अंश सेल्सियसची मर्यादा आहे. धूळ जागच्या जागी ओढून घेणारी, बारीक गाळणीची व्हॅक्यूम जोडलेली नसेल तर ग्राइंडर किंवा घासणीयंत्र जुन्या रंगावर चालवायचे नाही. खाली जाड प्लास्टिक अंथरायचे, दार-खिडकीच्या फटी बंद करायच्या, घरातली माणसे आणि मुले काम संपून जमीन पुसली जाईपर्यंत बाहेर ठेवायची. कोरडा झाडू वापरायचा नाही. हे वाक्य क्षुल्लक वाटेल, पण रंगाऱ्यासाठी लिहिलेला नियम झाडणाऱ्या बाईला विसरतो, आणि खाली बसलेली धूळ झाडताना पुन्हा उडून तिच्याच नाकात जाते. म्हणून ओले पुसणे आणि व्हॅक्यूम, हाही त्याच नियमाचा भाग हवा. कामाच्या जागी खाणे, तंबाखू मळणे, विडी ओढणे बंद. हात आणि तोंड साबणाने धुतल्याशिवाय जेवण नाही. तंबाखू मळणाऱ्या बोटांवरून शिसे सरळ तोंडात जाते, हे एकच वाक्य मराठीत आणि हिंदीत प्रत्येक टोळीपर्यंत पोहोचले तरी बरेच साधेल. कामाचे कपडे वेगळे, ते कामाच्या जागीच ठेवायचे आणि ठेकेदाराने धुवून घ्यायचे. शेवटी रक्ततपासणी: कामाला लागण्याआधी एक, पहिल्या सहा महिन्यांत दर दोन महिन्यांनी एक, नंतर सहा महिन्यांनी. रक्तात शिसे ठरावीक पातळीवर गेले की त्या माणसाला शिशाच्या कामातून काढून दुसरे काम द्यायचे, मजुरी न कापता. अमेरिकन मानकात हे मजुरीचे संरक्षण आहे, आणि त्याशिवाय तपासणीला अर्थ नाही. तपासणीमुळे रोजी जाणार असेल तर कोणता नाका कामगार हात पुढे करील?

यावर पहिला आक्षेप येईल तो खर्चाचा, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. ओले खरवडणे सावकाश चालते, प्लास्टिक आणि व्हॅक्यूमला पैसे लागतात, आणि चाळीतले भाडेकरू किंवा छोटी गृहनिर्माण संस्था आधीच दुरुस्तीच्या खर्चाने वाकलेली असते. पण सुरुवातीला सांगितलेली मर्यादा इथे आठवावी. चुन्याच्या भिंती यातून वगळल्या की काम उरते ते लाकूड, लोखंड आणि तैलरंगाचे पट्टे एवढेच. दुसरे म्हणजे जो रंग धड आहे, सुटलेला नाही, त्याला खरवडायची गरजच नसते. तो ओल्या कापडाने पुसून त्यावर नवा थर देणे किंवा पातळ पत्र्याने, प्लायने झाकणे हे बहुधा जास्त सुरक्षित आणि स्वस्तही पडते. आपल्याकडे ‘घासून चकचकीत केले की काम पक्के’ अशी समजूत आहे, आणि ती समजूत शिशाच्या बाबतीत नुकसानीची आहे. नियमाने खरवडण्याआधी खरवडायचे का, हा प्रश्न विचारायला लावला तर बराच खर्च वाचेल.

दुसरा आक्षेप असा की मास्क दिले की झाले. कापडी रुमाल किंवा शस्त्रक्रियेचा मास्क शिशाच्या बारीक धुळीला अडवत नाही. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा, बारीक गाळणीचा श्वसनयंत्रासारखा मास्क लागतो. दाढी असेल तर तोही नीट बसत नाही, आणि मे महिन्यात परांचीवर तो दिवसभर चढवून ठेवणे कठीण. म्हणून आधी धूळ उठू न देणे, मास्क शेवटी. गूळ किंवा दूध दिले की धूळ बाधत नाही, हाही समज कारखान्यांतून आणि बांधकामांवरून अजून टिकून आहे. पोटभर, लोह आणि कॅल्शियमयुक्त आहार असेल तर आतड्यांतून शिसे कमी शोषले जाते हे खरे. पण फुप्फुसातून गेलेल्या शिशाला गूळ काही करू शकत नाही. शिसे बाहेर काढणारी औषधे आहेत, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, खूप वाढलेल्या पातळीला द्यायची असतात. ती देऊन माणसाला त्याच धुळीत परत पाठवणे हा इलाज नव्हे.

तिसरा आक्षेप अंमलबजावणीचा, आणि मला तोच सर्वांत खरा वाटतो. नाक्यावरून उचललेल्या, आज इथे उद्या तिथे असणाऱ्या माणसाचे रक्त कोण तपासणार? सगळ्या चाळींत निरीक्षक धाडणे आपल्या खात्याला जमणार नाही, हे मला मान्य आहे. पण सरकार स्वतः या राज्यातले फार मोठे रंगकाम काढणारे गिऱ्हाईक आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या इमारती, जिल्हा परिषदांच्या शाळा, एसटीची आगारे, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडच्या मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारती ही सारी कामे निविदेने जातात. निविदेच्या अटीत कोरडे खरवडण्यास आणि जाळण्यास बंदी, व्हॅक्यूम, धुलाईची सोय आणि रक्ततपासणी घातली, आणि दरसूचीत ओल्या पद्धतीचा वाजवी दर लावला, तर दहा कामगारांची अट आडवी येत नाही. ठेकेदाराला बिलासाठी ती पाळावीच लागते. एकदा सरकारी कामावर टोळ्या ओले खरवडायला शिकल्या की तीच सवय खासगी कामात जाईल, कारण टोळ्या त्याच असतात. ही कामे वेगवेगळ्या खात्यांकडे असल्यामुळेच मी हे पत्र आपल्याला लिहितो आहे: इमारती निरनिराळ्या खात्यांच्या आहेत, त्यांत राबणारा माणूस मात्र आपल्या खात्याचा आहे. रक्ततपासणीसाठी पैशाचा उगमही आपल्या हाताशी आहे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. मंडळ कामगारांना सुरक्षा संच देते. त्याच संचात खरवडण्याचे काम करणाऱ्यांसाठी योग्य मास्क, फवारा आणि धुण्याजोगा झगा जाऊ शकतो, आणि मंडळाच्या आरोग्य तपासणीत रक्तातल्या शिशाची चाचणी. ते शिसे मोजण्याचा अनुभव असलेली राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था शेजारच्या अहमदाबादेत आहे. रंगातले शिसे तपासायला लागणारे तंत्रही परके नाही: सोन्याची शुद्धता हॉलमार्क केंद्रांत ज्या क्ष-किरण पद्धतीने पाहतात, त्याच तत्त्वावरचे हातात धरायचे यंत्र दारावर टेकवले की काही सेकंदांत उत्तर मिळते.

एक गोष्ट मात्र नियम लिहिताना जपायला हवी. १९२१ च्या करारात स्त्रियांना आणि १८ वर्षांखालील मुलांना सफेत्याच्या औद्योगिक रंगकामातून वगळले होते. मुलांचे ठीकच. पण स्त्रियांना वगळून प्रश्न सुटल्याचे समजणे आज अन्यायाचे होईल. तसे झाले तर बिगारी बाई कामावरून जाईल आणि धूळ तिथेच राहील, पुरुषाच्या फुप्फुसात आणि त्याच्या कपड्यांवरून तिच्याच घरात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला मजुरीसकट दुसरे काम मिळावे, बाकी सर्वांसाठी धूळच उठू नये, हा क्रम योग्य.

घरांपलीकडे लोखंड आणि लाकूड यांचे दोन धागे उरतात, त्यांचा उल्लेख केल्याशिवाय हे पत्र अपुरे राहील. जुने लोखंडी पूल काढताना आणि मुंबईत दारूखान्याला जहाजे तोडताना रंगलेले लोखंड गॅसच्या ज्योतीने कापतात. कापण्याच्या रेघेवरचा रंग आधी ओला खरवडून काढला नाही, तर कापणारा थेट शिशाच्या वाफेत उभा राहतो. आणि पाडलेल्या इमारतींतली रंगीत दारे, चौकटी भंगारात जातात, तिथून जळण म्हणून. मुंबईतल्या कितीतरी पावभट्ट्या असे भंगारातले लाकूड जाळत आल्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले ते हवेच्या प्रदूषणासाठी, शिशासाठी नव्हे. पण रंगलेले लाकूड जळणात विकायला मनाई करण्याचे आणखी एक कारण त्यातून आपल्याला मिळते.

पहिले पाऊल म्हणून आपण एकच परिपत्रक काढावे. राज्य सरकारच्या पैशाने होणाऱ्या प्रत्येक रंगकामात आणि पाडकामात जुना तैलरंग शिसेयुक्त मानला जाईल, तो कोरडा खरवडला किंवा जाळला जाणार नाही, आणि त्या कामावरच्या प्रत्येक माणसाची, झाडणाऱ्या बाईसकट, रक्ततपासणी कल्याणकारी मंडळ करील, एवढेच त्यात असावे. मंडळाने पहिल्या वर्षीच्या तपासणीचे आकडे, नावे झाकून, जाहीर करावेत. ते आकडे आज कोणाकडेच नाहीत, आणि पुढचा नियम किती कडक असावा हे त्यांवरूनच ठरेल. येत्या रंगकामाच्या हंगामाआधी हे परिपत्रक निघाले, तर जिल्हा परिषदेच्या शाळांची दारे या वर्षीच ओली खरवडली जातील.

कळावे.

आपला नम्र,
एक नागरिक